ओकलबेरींच्या घरचा संदेष्टा

लवार ओकलबेरीला देवाचा आवाज ऐकू आला हे त्याच्या बायकोच्याही आधी मला कळलं, कारण त्याने माझ्या दुकानातून ताडपत्री नेली.

टर्की कोंबड्या पाळणाऱ्या माणसाला ताडपत्री लागत नाही असं नाही. पण एवढी लागत नाही. ताडपत्रीपाठोपाठ पाण्याची पिंपं गेली, मग दोर, मग कंदिलाच्या वाती. घर धरून राहणारा माणूस साखर, खिळे, दोरा नेतो. निघायच्या तयारीतला माणूस झाकायच्या आणि बांधायच्या वस्तू नेतो. मी त्याला विचारलं, "लवार, सर्कस काढतोयस का?" एरवी या माणसाने मला त्याच भाषेत उत्तर दिलं असतं. त्या दिवशी माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "ड्रूमावशी, तूही तयार राहा." मी म्हटलं, मी सकाळपासून तयारच आहे, दुकान उघडून बसलेय. तो हसला नाही. तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

आमच्या ओल्सनफोर्कमध्ये माझं दुकान ही एकच जागा अशी की जिथे गावातल्या दोन्ही ख्रिस्ती पंथांची माणसं येतात. मी जन्माने प्रेस्बिटेरियन, लग्नाने मॉर्मन घरातली आणि गल्ल्यामागे बसले की कुणाचीच नाही. मॉर्मनांना कॉफी वर्ज्य. तरी माझ्याकडची कॉफी गावातल्या मूठभर प्रेस्बिटेरियनांच्या मानाने फारच खपते. "नेवाडाहून मेव्हणा येणार आहे," असं सांगून लोक नेतात. एवढे मेव्हणे अख्ख्या नेवाडात नसतील. मी काही बोलत नाही, फक्त पुडी जरा मोठ्या कागदात बांधते.

दोन्ही पंथांतला मुख्य फरक माझ्या हिशेबाने असा. प्रेस्बिटेरियनांचं म्हणणं, देवाला जे बोलायचं होतं ते तो कधीच बोलून मोकळा झाला, आता आपण नीट वाचायचं. मॉर्मनांचं म्हणणं, देव अजून बोलतोय. सॉल्ट लेकला, त्यांच्या मुख्य ठाण्यावर, त्यांचा संदेष्टा असतो, हयात, चष्मा लावणारा, सर्दी होणारा. आणि नुसता त्याच्याशीच नाही, देव कुणाशीही बोलू शकतो. हरवलेली गाय कुठे आहे हेसुद्धा सांगू शकतो. ज्या गावात असं मानतात, त्या गावात अधूनमधून एखाद्या माणसाला गायीपेक्षा मोठं काहीतरी ऐकू येणारच.

पण ते लवारला ऐकू येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पस्तिशीतला, लांबलांब हातांचा, वक्तशीर माणूस. बिशपचा मदतनीस म्हणून बरीच वर्षं काम केलेला. आमच्याकडे बिशपला पगार नसतो आणि मदतनिसाला तर आभारही नसतात. पोटापाण्याचा धंदा सांभाळून ही कामं करायची. लवारचा आवाज मात्र असा, की शेजारच्या गावात कुणी वारलं तर प्रार्थनेला त्याला न्यायचे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मॉर्मन उपास करतात आणि ज्याला वाटेल त्याने सभेत उठून आपली साक्ष द्यायची असते. बहुधा कुणाचं तरी ऑपरेशन नीट झालेलं असतं. त्या एप्रिलमध्ये लवार उठला आणि म्हणाला, टर्कींच्या शेडमध्ये मला देवाने सांगितलं आहे. हे गाव सुस्तावलंय, सॉल्ट लेकची माणसं सुस्तावली आहेत. निवडक लोक घेऊन दक्षिणेला, ॲरिझोनाच्या सीमेजवळच्या लाल दरीत जायचं आहे. आणि खूण म्हणून, गवतकापणीच्या आत खिंडीतला झरा आटेल.

सगळे रिकाम्या पोटी बसलेले. एक तान्हं तेवढं रडत होतं. बिशप स्टकी, म्हणजे गावचे पंप दुरुस्त करणारा डेलॉय स्टकी, उठला, "धन्यवाद, ब्रदर ओकलबेरी," म्हणाला आणि शेवटचं गाणं जाहीर केलं. पुढच्या आठवड्यात लवारच्या जागी दुसरा मदतनीस आला.

त्याची बायको आर्विला पहिल्या बाकावर चार पोरांना धरून बसली होती. तिला हे सगळं तिथेच, सगळ्यांबरोबर कळलं. माझ्या मते लवारच्या खात्यावर नावे पडलेली ही पहिली रक्कम. घरातल्या बाईला देवाचा निरोप सभेत ऐकायला लावू नये.

मग जूनमध्ये झरा आटला.

कशाने आटला ते मी सांगू शकत नाही. कुणी म्हणे बर्फ कमी पडलं, कुणी म्हणे वरच्या रस्त्याला सुरुंग लावले त्याने. पण आटला हे खरं. मी स्वतः जाऊन ओला दगड बघून आले, आणि दुसऱ्यांदा गेले तेव्हा तो ओलाही नव्हता. तोवर लवारबरोबर म्हातारा झेफर बिंगली आणि त्याचा लेक एवढेच होते. झरा आटल्यावर आणखी काही घरं त्याला जाऊन मिळाली. माझ्या दुकानातली ताडपत्री संपली.

बरं, माणूस बिघडला म्हणावं, तर तसंही नाही. उलट सुधारला. वर्षानुवर्षं उसनी ठेवलेली करवत त्याने परत केली. विधवा सोफ्रोनियाचं छप्पर न सांगता दुरुस्त केलं. पोरांवर ओरडायचा थांबला. जमेची बाजू एवढी भरली की मलाच शंका यायला लागली. त्या सभेनंतर नावे फक्त एकच गोष्ट पडली: तो आता हसत नसे, आणि आपल्याकडे असं बघे, जणू आपण आधीच बुडालोय आणि तो काठावर उभा आहे.

गवत कापून झालं की निघायचं, असं ठरलं. आर्विलाने आणि पोरांनी बरोबर जायचं की नाही, एवढंच ठरायचं राहिलं होतं. आणि लवारच्या मते ते ठरलेलंच होतं.

एका दुपारी ती दुकानात आली. प्रेस्बिटेरियनांचे पाळक ड्रमंड खिडकीपाशी स्टुलावर बसून आपली कॉफी पीत होते, उघड्यावर, कारण त्यांना परवानगी आहे. बिशप स्टकी पंपासाठी बोल्ट निवडत होता. ही दोघं एकमेकांना गेली कित्येक वर्षं बाटवायचा प्रयत्न करताहेत आणि त्यात त्यांचं छान चाललंय.

आर्विलाने बरण्यांची झाकणं मागितली. मी काढेपर्यंत म्हणाली, "बरं झालं दोघं भेटलात. संदेष्टा खरा की खोटा, हे कसं ओळखतात?"

बिशपच्या हातातला बोल्ट खाली पडला. पाळकांनी कप ठेवला.

"तुमच्यापासून सुरू करा, पाळकसाहेब," बिशप म्हणाला. "तुमच्याकडे संदेष्टेच नाहीत, त्यामुळे नियम तोंडपाठ असतील."

"आहेतच तोंडपाठ," पाळक म्हणाले. "बायबलात मोशेने दोन कसोट्या घालून दिल्यात, सिस्टर ओकलबेरी. पहिली साधी. सांगितलेलं घडलं नाही, तर तो देवाचा माणूस नव्हे."

"झरा आटला."

"हो. म्हणून दुसरी महत्त्वाची. सांगितलेलं घडलं, चमत्कारही झाला, तरी तो तुम्हाला कुठे घेऊन चाललाय ते बघा. देवापासून लांब नेत असेल, तर शंभर झरे आटले तरी जाऊ नका. जे आधी लिहिलेलं आहे त्याच्याशी त्याचं बोलणं ताडून बघायचं. जुळलं नाही की संपलं."

"तो रोज तेच वाचून दाखवतो," आर्विला म्हणाली. "माणसं घेऊन वाळवंटात गेलेल्यांच्याच गोष्टी आहेत त्यात. मोशेसुद्धा."

पाळकांनी कॉफीचा घोट घेतला. "खरं आहे," म्हणाले. मग खाकरले. "दुसऱ्या बायकोबद्दल काही ऐकू आलंय का त्याला? असल्या नव्या संदेष्ट्यांपैकी बहुतेकांना सहा महिन्यांत येतं."

"अजून नाही. तो एकीलाच घाबरतो."

बिशप हसला आणि लगेच गंभीर झाला. "आमच्याकडे अशी शिस्त आहे, सिस्टर. देव प्रत्येकाशी बोलतो, पण ज्याच्या त्याच्या कुंपणापुरतं. सगळ्या चर्चसाठी सॉल्ट लेकला. या मंडळीसाठी मला, मी लायक नसलो तरी. लवारला मिळेल ते त्याच्या घरापुरतं. त्याने सगळ्या गावाचं सांगितलं, तिथेच कुंपण ओलांडलं."

"आणि घरापुरतं मिळू शकतं?"

"मिळू शकतं."

"घर म्हणजे मी," आर्विला म्हणाली. "मग गावाने जायला नको, मी जायला हवं. असंच ना, बिशप?"

बिशप बोल्टांच्या खोक्यात बघायला लागला. तिथे उत्तर असेल तर मी ते विकायला ठेवलेलं नव्हतं.

पाळकांना राहवलं नाही. "बिशपमहाराज, तुमच्या पहिल्या संदेष्ट्याला कुणाचं कुंपण होतं? शेतकऱ्याचा पोरगा. रानात गेला, देव भेटला असं येऊन सांगायला लागला. तुमची ही शिस्त तेव्हा असती, तर त्याला पहिल्याच रविवारी गप्प बसवलं असतं."

"आणि तुमच्या बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याला कुठल्या समितीने पास केलं होतं? चिखलाच्या खड्ड्यात टाकला होता त्याला."

"म्हणजे दोघांकडेही नियम आहेत," मी म्हटलं, "आणि दोघांचेही मोठे लोक त्यात बसत नाहीत."

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वजनात काहीतरी घोळ केलाय.

बिशप आर्विलाकडे वळला. आता तो पंपवाला नव्हता, बिशप होता. "शिस्तीचं सोड. आमच्याकडे खरी कसोटी एकच आहे. ज्याला सांगितलं गेलं त्याने स्वतः जाऊन विचारायचं. उपास कर, गुडघे टेक, विचार. पहिल्या संदेष्ट्याचं खरं आहे का, हे त्याच्या आईनेसुद्धा स्वतःच ठरवलं. माझ्या शब्दावर जाऊ नकोस. लवारच्याही नको."

"विचारलं," आर्विला म्हणाली. "उपास इतके केले की फ्रॉक ढिला झाला. तो रोज उठून सांगतो, मला आज पुन्हा 'हो' आलं. मला काहीच येत नाही. 'हो' नाही, 'नाही' नाही. मी गुडघ्यावर असते आणि मला स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू येतो." तिने झाकणं पिशवीत भरली. "नसेल मला तेवढी पात्रता. पण पोरांना कुणाच्या शब्दावर नेऊ? त्या दरीत पाणी आहे की नाही हेही कुणी बघून आलेलं नाही."

बिशप शेवटी एवढंच म्हणाला, "मी येऊन नळ दुरुस्त करतो." आणि दुसऱ्या दिवशी खरंच करून आला. मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर वाटलं, त्या दिवशी कुणाकडेच याहून बरं काही देण्यासारखं नव्हतं, आणि त्याने निदान तेवढं दिलं.

वरून बिशपवर दबाव होता. जिल्ह्याचे मोठे लोक सांगत होते, लवारवर मंडळीत खटला चालवा आणि नाव काढून टाका. नाव काढलं की तो मंडळीबाहेर आणि ती आत, म्हणजे आर्विलाच्या घराचे दोन तुकडे, हे बिशपला कळत होतं. म्हणून तो रोज एखाद्याचा पंप बिघडलाय असं सांगून तारीख पुढे ढकलत होता. तारखा ढकलण्यात हा माणूस इतका हुशार आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

जुलैच्या एका रविवारी दुपारी लवारने आपल्या लोकांना अंगणात बोलावलं. दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. ट्रक लादून उभे होते. आर्विलाने मला बर्फ घेऊन ये म्हणून सांगितलं होतं. बर्फ निमित्त होतं. तिला जवळ कुणीतरी हवं होतं, आणि मला बघायचं होतं. दोघींनी एकमेकींना ते सांगितलं नाही.

पॉप्लरच्या सावलीत बाकं मांडली होती. आर्विला कडेला खुर्चीवर बसून जर्दाळू सोलत होती. रविवारी असलं काम करू नये, पण जर्दाळूला वार कळत नाही. झेफर बिंगली पुढच्या बाकावर, टोपी गुडघ्यावर. आधी प्रार्थना झाली. मग झेफर म्हणाला, निघण्याआधी आपला पुढारी कोण ते रीतसर ठरलं पाहिजे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मॉर्मनांकडे कुणालाही कसलंही काम द्यायचं, सॉल्ट लेकच्या संदेष्ट्यापासून ते रविवारच्या शाळेतल्या मास्तरणीपर्यंत, तर त्याचं नाव सगळ्यांसमोर वाचतात. ज्यांचा पाठिंबा आहे त्यांनी उजवा हात वर करावा, असं म्हणतात, आणि सगळे हात वर जातात. लगेच पुढे म्हणतात, ज्यांचा विरोध आहे त्यांनीही तसाच हात वर करावा. हे दुसरं वाक्य म्हणून होतं आणि वाचणारा पुढच्या नावावर जातो. तिथे कुणी हात वर केल्याचं माझ्या सासऱ्यांनाही आठवत नव्हतं. पण ते वाक्य कधी गाळत नाहीत. गाळलं तर झालेलं धरत नाहीत.

आणि आमच्या गावात हे वाचायचं काम इतकी वर्षं कुणाचं होतं? लवारचं.

आता नाव त्याचंच होतं, वाचायला दुसरं कुणी नव्हतं. तो उभा राहिला. त्याच सुरेल आवाजात म्हणाला, "देवाने या शेवटच्या दिवसांसाठी आपला संदेष्टा म्हणून लवार ओकलबेरी याला नेमलं आहे. ज्यांचा पाठिंबा आहे त्यांनी उजवा हात वर करावा."

सगळे हात वर गेले. झेफरचा सर्वांत उंच.

"ज्यांचा विरोध आहे त्यांनीही तसाच."

आणि आर्विलाने हात वर केला.

कोपरापर्यंत जर्दाळूचा रस ओघळत होता. तिने सुरी मांडीवर ठेवली होती. हात सरळ, उजवा, नियमाने.

लवार कागदाशिवाय वाचत होता, तरी पुढच्या नावावर जायला निघाल्यासारखा त्याचा चेहरा झाला. मग त्याला ते दिसलं.

झेफर म्हणाला, "हे धरायचं नाही. बायको आहे ती. घरातल्या बायकोला मत नसतं, आज्ञा असते."

"मंडळीत आहे तिला मत," लवार म्हणाला. सवयीनेच म्हणाला असावा.

"अरे, तू संदेष्टा आहेस. संदेष्ट्याने ते दुसरं वाक्य विचारायचंच कशाला? देवाने नेमलंय, विषय संपला."

आर्विलाचा हात वरच होता. इतका वेळ होऊनही तिने दुसऱ्या हाताने त्याला आधार दिला नाही.

"विरोध करणाऱ्याला कारण विचारतात," लवार सावकाश म्हणाला. "आर्विला, काय कारण आहे?"

"तुझ्याशी देव बोलला असेल, लवार," ती म्हणाली. "तू खोटं बोलत नाहीस, हे मला पंधरा वर्षं ठाऊक आहे. पण मी विचारलं आणि तो माझ्याशी बोलला नाही. तुला जर त्याने एवढं सगळं सांगितलं, दरी सांगितली, झरा सांगितला, तर पोरांची आई कुठे राहते हेही त्याला माहीत असणार. मी तिथेच होते, रोज. तो आला नाही. तुझ्या शब्दावर मी तुझ्याबरोबर कुठेही आले असते. पण आज तू सांगतोस की हा तुझा शब्दच नाही. मग ज्याचा आहे त्याच्याकडून मला ऐकायचंय." मग म्हणाली, "तुला जायचंच असेल तर डबा बांधून देते. पोरं इथे राहतील. मीही."

झेफर उठला. "बघितलंस? ही पहिली परीक्षा आहे, ब्रदर. प्रत्येक संदेष्ट्याला घरूनच होते. तिचा हात खाली पाड आणि पुढे चल."

मी लवारकडे बघत होते. इतकी वर्षं लोकांना तोलायचा माझा धंदा आहे, तरी त्या क्षणी तो कुठे झुकेल ते मला सांगता आलं नसतं. त्याला हवं ते सगळं समोर होतं: लादलेले ट्रक, डोळे लावून बसलेली माणसं, आटलेला झरा. एक नजर फिरवायची आणि तो हात नाही असं समजायचं, एवढंच. त्याहून मोठ्यांनी ते केलेलं आहे.

"मी विचारलं होतं," लवार म्हणाला. "विचारलं तर मोजावं लागतं."

"तू सवयीने विचारलंस."

"हो," लवार म्हणाला. "पण विचारलं." तो बायकोकडे वळला. "हात खाली घे, आर्विला. मोजला."

तिने हात खाली घेतला आणि सुरी उचलली. तिला सोलता मात्र येईना, सुरी नुसतीच हातात राहिली.

लवारने सभा संपवायची प्रार्थना केली. छोटीशी, कसलंही दान न मागणारी. झेफरने टोपी घातली. "मग मी नेतो त्यांना," म्हणाला. आणि त्याच बाकापाशी उभं राहून त्याने स्वतःसाठी हात मागितले. पहिलं वाक्य म्हटलं, दुसरं म्हटलं नाही. दोन घरं त्याच्याबरोबर निघाली. बाकीचे आपापल्या ट्रकांवरचे दोर सोडायला लागले, एकमेकांकडे न बघता, जणू सगळे वेगवेगळ्या कामासाठी तिथे आले होते.

संध्याकाळच्या जेवणाला मी तिथेच थांबले. बटाटे, थंड मेंढीचं मांस, जर्दाळू. बिशप स्टकी आला. गावात बातमी पोचलीच होती. पाळक ड्रमंडही त्याच्या मागोमाग आले आणि दारातच म्हणाले की मी सहज चाललो होतो. ओकलबेरींचं घर कुणाच्याही वाटेवर नाही.

लवार उभा राहिला. "खटला कधी आहे, बिशप?"

"कसला खटला?" बिशपने खुर्ची ओढली. "ठराव मांडला गेला, असं ऐकलं. विरोध झाला का?"

"झाला."

"कारण विचारलंस?"

"विचारलं."

"मग ठराव झालाच नाही. न झालेल्या गोष्टीवर मी कुणाला कसं बोलावू? वर तसंच कळवतो." त्याने बटाट्याचं भांडं आपल्याकडे घेतलं. "मी तुझ्याकडे बघत होतो ना, लवार, एप्रिलपासून. मला वाटलं हा वेडा झाला. वेड्याने ते वाक्य गाळलं असतं."

पाळक म्हणाले, "आमच्याकडे एवढं ठरवायला तीन समित्या आणि एक हिवाळा लागला असता." आणि बिशपच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून बसले. त्या दोघांत मी असं कधी बघितलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

लवारचं लक्ष नव्हतं. "पण आवाज आला होता," तो म्हणाला. "ते मी कसं पुसू? झऱ्याचंही मला खरंच कळलं होतं."

"ते तुझ्या जमेला राहू दे," बिशप म्हणाला. "पुसायला कोण सांगतंय? काय म्हणाला आवाज, नेमकं? तू ऐकलंस तसंच सांग. सभेत सांगितलंस तसं नको."

लवारने काटा ताटात ठेवला. पोरंही खायची थांबली होती. आर्विलाने त्याच्याकडे न बघता धाकट्याच्या तोंडात बटाट्याचा तुकडा घातला.

"'ऊठ, तुझ्या माणसांना सांभाळ,'" तो शेवटी म्हणाला. "एवढंच. मी टर्कींना पाणी देत होतो."

"आणि दरी?"

"दरी नंतर आली. मी विचार करत बसलो तेव्हा." त्याने मान खाली घातली. "दरी मी घातली असेन. एवढासाच निरोप खुद्द देवाचा असेल असं वाटेना."

आर्विलाने हातातला चमचा खाली ठेवला. एप्रिलपासून पहिल्यांदाच तिने नवऱ्याकडे नीट, सरळ बघितलं, आणि तिथे सगळ्यांच्या देखत म्हणाली, "हे खरं असेल. हे मला सभेत नाही, घरी सांगितलं असतंस, तर मी त्याच दिवशी हात वर केला असता. पाठिंब्याच्या बाजूने."

लवार हसला. फार नाही, थोडासा, कसनुसा. पण ते हसू मी लगेच जमेला टिपून घेतलं.